तीन शिट्ट्यांची डाळ

मी लोणारचं सरोवर पाहिलं नाही, हे आधीच सांगून टाकते. बुलढाणा जिल्ह्यात चार दिवस राहून लोणार न बघता परत आलेली बाई प्रवासवर्णन लिहायला बसली आहे, हे ऐकून माझ्या धाकट्या बहिणीने कपाळाला हात लावला. ती पुण्यात आमच्याच सोसायटीत राहते, दरवर्षी कुठे ना कुठे जाऊन येते आणि चहाला बोलावून चारशे फोटो दाखवते. माझ्याकडे या प्रवासाचे फोटो तीनच आहेत, आणि तिन्ही डाळीचे.

मी डाळच बघायला गेले होते. धान्याचा दर्जा तपासण्यात माझी नोकरीची बत्तीस वर्षं गेली. खात्याचं नाव लिहीत नाही. निवृत्तीला अजून सात महिने आहेत, आणि मी काही शूर बाई नाही, हे पुढे कळेलच.

म्यानमारमधून रोहिंग्या माणसं जीव मुठीत धरून बांगलादेशात पळाली, गावंच्या गावं जाळली गेली, हे सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं असेल. आपल्या सरकारने त्यांच्यासाठी धान्य पाठवायचं ठरवलं. चांगलं केलं. काय काय पाठवायचं याची यादी करायला दिल्लीत आम्ही चौघे बसलो. तिघे पुरुष, एक मी. तांदूळ, मीठ, साखर, तेल भराभर लिहून झालं. ‘डाळ कोणती?’ असा प्रश्न आला तेव्हा तिघांनीही माझ्याकडे पाहिलं, कारण त्या खोलीत रोज स्वयंपाक करणारी मी एकटीच होते. मी म्हटलं, तूर.

त्या वर्षी गोदामं तुरीने भरलेली होती, हे एक कारण झालं. पण खरं सांगायचं तर दुसरी कुठली डाळ माझ्या डोक्यात आलीच नाही. आमच्याकडे बाळाचा पहिला घास वरणभाताचा, आजाऱ्याला वरणभात, लग्नाच्या पंगतीत पहिली मूद वरणभाताची. ज्याला भूक लागते त्याला वरणभात चालतो, अशी माझी जन्मभराची समजूत. आणि डाळ शिजवणं म्हणजे काय, तर कुकरच्या तीन शिट्ट्या. तोवर केर काढून होतो.

हिवाळ्यात मला अकरा दिवस तिकडे, बांगलादेशातल्या छावणीत पाठवलं, वाटप नीट होतंय का ते बघायला. तिथे मला हामिदा भेटली. उघड्या-बोडक्या टेकडीवर बांबू आणि काळ्या प्लास्टिकची खोपटी, त्यातल्या एका खोपटीपुढे ती बसली होती. तीन दगड, त्यावर पातळ पत्र्याचं एकच पातेलं, त्यात आपली पिवळीधमक तूरडाळ रटरटत होती. मी गेले तेव्हा ती चढवून तास झाला होता. मी दोन टेकड्या फिरून परत आले तरी दाणा बोटाने चिरडत नव्हता. तिची मुलगी यास्मिन, अकरा वर्षांची, एक दिवसाआड लाकडं आणायला जंगलात जायची. ती वाट हत्तींची. आदल्या आठवड्यात शेजारच्या खोपटीतल्या बाईला यास्मिनच्या डोळ्यांसमोर हत्तीने तुडवलं होतं. तरी यास्मिन जातच होती, कारण लाकूड संपलं होतं. आधी मसूर मिळायची, ती लवकर शिजायची, ही पिवळी डाळ लाकूड खाते, असं हामिदा सांगत होती. मग तिने दुभाष्याकडे वळून एक प्रश्न विचारला. तो त्याने मला जरा चाचरतच सांगितला. ही डाळ पाठवणारी माणसं घरी स्वयंपाक करत नाहीत का?

मी वहीत लिहिलं, ‘इंधनाची अडचण’. ती डाळ यादीत मीच लिहिली होती, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही. मी वर कळवते, एवढं म्हटलं.

परत येऊन मी टिपण पाठवलं. उत्तर आलं की पुढच्या खेपेची तूर बुलढाणा जिल्ह्यात भरडली जात आहे, तिची तपासणी आपणच करायची आहे, काही हरकत असल्यास जागेवर पाहून कळवावी. मी ठरवलं, हरकत आहेच. ही खेप तिथेच थांबवायची किंवा बदलून घ्यायची. मग यास्मिनला डोंगरात जावं लागणार नाही. एवढं एक काम धरून मी मलकापूरला गाडीतून उतरले.

बुलढाणा

राजूर घाटात पळस फुलला होता. होळी आठवड्यावर आली होती. घाट चढून वर आलं की हवा एकदम बदलते. खाली मलकापूरला पदराने वारा घेत होते, वर बुलढाण्यात विश्रामगृहाच्या खानसाम्याने चादर हवी का म्हणून विचारलं. तो ‘पाह्यजे का?’ म्हणाला आणि मी उगीच हसले. आम्हा पुण्याच्या लोकांना दुसऱ्याची मराठी ऐकून हसायची खोड आहे. आपलीही कुणाला हसण्यासारखी वाटत असेल, असं काही मनात येत नाही.

गोदामाचे प्रमुख इंगळे साहेब पन्नाशीचे, काटकुळे, कानाला सदैव रुमाल गुंडाळलेले. त्यांनी मला गोदाम दाखवलं. उंद्रीच्या डाळमिलीतून आलेल्या पोत्यांच्या छतापर्यंत थप्प्या. मी परखी घेतली, म्हणजे पोत्यात खुपसून नमुना काढायची लोखंडी नळी, आणि दहा ठिकाणी खुपसली. डाळ हातावर घेतली. काय सांगू, बत्तीस वर्षांत अशी डाळ मी फार थोड्या वेळा पाहिली आहे. दाणा एकसारखा, रंग सोनेरी, खडा नाही, कीड नाही, तुकडा नावाला. ओलाव्याच्या यंत्राने आकडा दाखवला तोही अगदी हवा तसा. मला त्या डाळीचा राग आला.

मी इंगळ्यांना सगळं सांगितलं. हामिदा, यास्मिन, हत्ती, लाकूड. त्यांनी रुमाल सोडून नीट ऐकून घेतलं. मग तपासणीचा छापील फॉर्म पुढे ठेवला आणि एकेक रकाना बोटाने दाखवला. ओलावा, तुकडा, खडा-माती, कीड, रंग. शिजायला किती वेळ लागतो, असा रकानाच नाही.

“डाळ एक नंबर हाये, म्याडम,” ते म्हणाले. “नापास कोन्या रकान्यात करान?”

मी म्हटलं, रकाना नसेल तर नसो, मी शिजवून दाखवते. तिकडच्यासारखं पातेलं, तिकडच्यासारखे तीन दगड, लाकूड तोलून घ्यायचं आणि घड्याळ लावायचं. तसा अहवाल पाठवला की दिल्लीला मान्य करावंच लागेल. इंगळ्यांना ही कल्पना फारशी पटलेली दिसली नाही, पण त्यांनी मान डोलावली. पातेलं धाडच्या बाजारात मिळेल म्हणाले.

धाड

इंगळ्यांच्या जीपमधून धाडला गेलो. वाटेत त्यांनी आपणहून विषय काढला. गोदामातले हमाल विचारतात, ही डाळ कुणासाठी. सांगितलं की कुणी चांगलं म्हणतं, कुणी तोंड वाकडं करतं. मी विचारलं, तुम्हाला काय वाटतं?

“तेच लोक इकडं आले तं हाकला म्हणतात,” ते म्हणाले. “तिकडं राह्यले तं डाळ धाडा म्हणतात. मले तं काई समजत नाई, म्याडम. मी पोते मोजतो.”

बाजार भरात होता. एसटीतून, काळ्या-पिवळ्या जीपमधून माणसं उतरत होती. वांगी, मिरच्या, लसूण, नवा गहू. भांडीवाल्याकडे मी सगळ्यात पातळ पातेलं मागितलं. तो माझ्याकडे संशयाने बघू लागला. हे बुडाला लागतं, बाई, असं त्याने दोनदा बजावलं. त्यापेक्षा हा कुकर न्या, पाच लिटरचा, गॅरंटी आहे. मी म्हटलं, मला बुडाला लागणारंच हवं आहे. शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. मग बाभळीच्या लाकडाची एक मोळी घेतली. ती जीपच्या टपावर बांधली, आणि पातेलं तिच्यावर अडकवलं. परतताना एका गतिरोधकावर ते उडालं आणि गडगडत एका भजीवाल्याच्या गाड्याखाली गेलं. इंगळे साहेब रुमाल सावरत त्याच्यामागे धावले. एका बाजूने चांगलं चेपलं होतं. हामिदाचंही तसंच होतं, त्यामुळे मला चाललं. पातेल्यामुळे थांबलोच होतो, तर भजी खाल्ली. सोबत तळलेली मिरची आणि असा ठेचा, की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि भजीवाल्याला समाधान वाटलं.

भजीच्या गाड्यापलीकडे एक म्हातारी भट्टीवर चणे भाजत होती. गरम वाळूत चणे फुटायचे, ती चाळणीने उपसून टोपलीत ओतायची. मी एक पुडा घेतला. पातेलं धरून मी काय करते आहे याची तिला उत्सुकता होती. मी थोडक्यात सांगितलं. ज्यांची घरं जळाली अशी माणसं आहेत, त्यांना डाळ पाठवतो आहोत, पण त्यांच्याकडे लाकूड नाही.

“ज्याच्यापाशी चूल नाई त्याले डाळ कायले देता?” ती म्हणाली. “फुटाणे द्या. गूळ द्या. हातानं खातीन.”

आमच्याकडे फुटाणे म्हणजे पर्वतीवर चढताना तोंडात टाकायची गंमत. इथे निंदणीच्या, म्हणजे खुरपणीच्या दिवसांत तो दुपारचा डबा असतो. दिल्लीच्या त्या खोलीत या म्हातारीला बसवलं असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं. मला तिथे बसायचा भत्ता मिळाला होता, तो आठवून मी पुडा पिशवीत टाकला आणि खाल्ला नाही.

देऊळघाट

तिसऱ्या दिवशी इंगळ्यांनी देऊळघाटला आपल्या घरी जेवायला नेलं. त्यांच्या आईने रोडगे केले होते. कणकेचे जाड गोळे गोवरीच्या आरात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे, त्यावर वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. मी पाच खाल्ले आणि नंतर जमिनीवरून उठताना इंगळ्यांचा हात धरावा लागला. वरण तुरीचंच. मी विचारलं, किती वेळ लागला? माय म्हणाल्या, सकाळी उन्हं ओट्यावर आली तेव्हा चढवलं, विहिरीचं पाणी जड आहे, दाणा लवकर मऊ होत नाही. घरात कुकर होता, लेकाने आणलेला. त्यात सांडगे भरून ठेवले होते.

त्यांनाही मी हामिदाची गोष्ट सांगितली. त्या चार दिवसांत मी ती ज्याला त्याला सांगत होते, जशी काही सांगून सांगून माझ्या अंगावरून उतरणार होती. माय ऐकत होत्या, हातातला रोडगा तसाच राहिला होता.

“मी बी जात होती घाटात मोळीले,” त्या म्हणाल्या. “एक डाव बिबट्या दिसला. घरी येऊन कापत होती मी. माह्या मायनं त्या दिसापासून डाळ बंद केली. कण्या शिजवे, ताकात कालवून दे. वरण मी लग्न झाल्यावर खाल्लं.”

मला वाढलेलं वरण ताटात होतं. मी ते संपवलं, कारण टाकणं बरं दिसलं नसतं. पण त्या निरक्षर बाईच्या निरक्षर आईला एका दिवसात जे कळलं, ते मला हामिदाच्या खोपटीपुढे उभं राहीपर्यंत कळलं नव्हतं, याची लाज वाटली. माझ्या कपाटात धान्यशास्त्राच्या दोन पदव्या आहेत.

उंद्री

डाळमिल उंद्रीच्या बाहेर आहे. बरीच वर्षं बंद पडलेली होती. गावातल्या बावीस बायकांच्या गटाने ती चालवायला घेतली आणि ही सरकारी खेप त्यांचं पहिलं मोठं काम. गटाच्या प्रमुख शोभाताई गवई, चाळिशीच्या, आवाज खणखणीत. आधी त्या लोकांच्या शेतात मजुरीला जायच्या, आता मिलीच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असतात. मी उतरले तेव्हा दारात रांगोळी होती, बायका नव्या साड्या नेसून उभ्या होत्या. मला हार घातला, नारळ दिला. मी मनात खेप नापास करायच्या गोष्टी घेऊन आले होते आणि गळ्यात झेंडूचा हार होता.

शोभाताईंनी सगळं फिरून दाखवलं. तुरीला तेल-पाणी लावून गच्चीवर वाळवायची, चार दिवस उलटापालट करायची, मग यंत्राच्या दगडातून काढायची, टरफल उडवायचं, हाताने निवडायची. भरलेली पोती ओळीने उभी होती. प्रत्येकावर छापलं होतं, ‘भारतीय जनतेकडून’. एक तरुण बाई मला म्हणाली की तिने आपल्या पोरीला आणून ही अक्षरं वाचायला लावली. आमची डाळ जहाजात बसून परदेशात चालली, म्हणाली, आम्ही अजून नागपूर नाही पाहिलं.

अंगणात तीन दगड मांडले. लाकूड मिलीच्याच काट्यावर तोललं. चेपलेलं पातेलं, किलोभर डाळ, बोअरचं पाणी. बायका भोवती कोंडाळं करून बसल्या. म्याडम काऊन असा सयपाक करून राह्यल्या, असं कुणीतरी कुजबुजलं आणि हशा पिकला. अर्ध्या तासाने मसाल्याच्या गप्पा सुरू झाल्या. तासाने गप्पा थांबल्या. दीड तासाने मी लाकूड पुन्हा तोललं, मोळी निम्मी उरली होती. दाणा अजून चावावा लागत होता. डाळ मऊ व्हायला एक तास पन्नास मिनिटं लागली.

मग मी त्यांना सांगितलं. ही डाळ कुणाकडे जाते, तिथे ती कशावर शिजते, लाकूड कोण आणतं, वाटेत काय असतं. यास्मिनचं वय सांगितलं. शेजारणीला हत्तीने कसं मारलं तेही सांगितलं. ही डाळ यादीत मी लिहिली, हेही त्या अंगणात मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. जिने पोरीला अक्षरं वाचायला लावली होती ती बाई पोत्यांकडे बघत बसली.

शोभाताई उठल्या. “मंग नापास करता का आमची डाळ?”

मी म्हटलं, डाळीत खोट नाही. नापास केली तर मिलीवर कायमचा शिक्का बसेल, हे मलाही माहीत आहे. मला काही सुचत नाहीये.

त्यांनी पातेल्यातली डाळ पळीने ढवळून पाहिली. मग म्हणाल्या, वावरात निंदायला जायचो तेव्हा दुपारी अर्ध्या तासाची सुट्टी मिळायची. त्यात डाळ शिजवून खाऊन पुन्हा ओळीला लागायचं. “तठी आमाले कोन कुकर देत होतं?” तेव्हा त्या घरून डाळ भाजून, जाडसर भरडून न्यायच्या. पाण्यात टाकली की झाली.

पुढचा तासभर मी आयुष्यात विसरणार नाही. कुणी कढई आणली, कुणी जातं पुसलं. पोत्यातली दोन किलो डाळ खमंग भाजली, भरडली. साऱ्या अंगणात वास सुटला. तेच दगड, तेच पातेलं, तेच पाणी. मी घड्याळ लावलं. अठरा मिनिटांत डाळ शिजली, आणि लाकूड लागलं ते दोन मुठी काटक्या. काटक्या तर खोपटीच्या आसपासही मिळतील, डोंगरात कशाला जायचं? मी चाखली. मीठ नव्हतं, तरी इतकी चांगली डाळ मी खाल्ली नव्हती. शोभाताई म्हणाल्या, यंत्राचे दगड जवळ घेतले तर चार दिवसांत सगळी खेप अशी करून देऊ, जास्तीचं काही मागणार नाही. बायका एकदम बोलू लागल्या, भाजायला कोण, भरायला कोण. मी हसत होते. इंगळे साहेबांनी रुमाल काढून खिशात ठेवला.

मी दिल्लीला माझ्या वरच्या साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकलं. माणूस वाईट नाही, मी सोळा वर्षं ओळखते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं की या भरड्यात तुकड्याचं प्रमाण किती? मला कळलं, ते काय म्हणत होते. आमच्या नियमात अख्खी फाळ, म्हणजे दाण्याचा न तुटलेला अर्धा भाग, हीच डाळ. फुटली की तुकडा, आणि तुकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला की माल नापास. शोभाताईंचा भरडा म्हणजे शंभर टक्के तुकडा. गुरांच्या चुणीत आणि त्यात नियमाला फरक दिसत नाही. नियम बदलायचा तर नवं टेंडर, नवी समिती, टिकाऊपणाची चाचणी. पुढच्या वर्षी बघता येईल, ते म्हणाले. जहाज पुढच्या आठवड्यात आहे.

मी म्हटलं, मग मी शेऱ्यात लिहिते, शिजायला फार लाकूड लागतं. ते म्हणाले, अवश्य लिहा, तुमचा अधिकार आहे. पण शेरा आला की खुलासा मागवला जाईल, तोवर ट्रक हलणार नाहीत, जहाज या मालाशिवाय जाईल. तिकडे डाळ मुळीच पोचणार नाही. आणि ज्या मिलीच्या पहिल्याच मालावर शेरा पडला, तिला दुसरं काम कोण देणार? ते धमकी देत नव्हते. जे होतं ते सांगत होते, म्हणून जास्त राग आला.

फोन ठेवून मी मिलीच्या भिंतीला टेकून उभी राहिले. डाळ गेलीच नाही तर यास्मिन डोंगरात जाणार नाही, असं क्षणभर वाटलं. पण मग ती नुसता भात आणि मीठ खाणार, आणि त्यालाही लाकूड लागतंच. गेली तर जंगल, नाही गेली तर उपास, यातलं बरं कुठलं हे पुण्याच्या बाईने उंद्रीच्या अंगणात उभं राहून ठरवायचं. एखादी खमकी बाई असती तर शेरा लिहून मोकळी झाली असती, पुढचं पुढे पाहिलं असतं. मी बावीस बायकांकडे पाहिलं, पोत्यांकडे पाहिलं. माझ्या सात महिन्यांचाही विचार आला, तो आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मी आत जाऊन इंगळ्यांकडून फॉर्म घेतला. ओलावा, योग्य. तुकडा, मर्यादेत. खडा-माती, नाही. कीड, नाही. दर्जा, उत्तम. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात लिहिलं, ‘निरंक’. खाली सही केली. ट्रक बाहेर उभेच होते. हमालांनी पोती उचलायला सुरुवात केली. बायका बाजूला झाल्या. कुणी रडलं-बिडलं नाही, मदतीला मात्र कुणी पुढे आलं नाही. अंगणात भरड्याची डाळ थंड होत होती.

शोभाताई माझ्याजवळ आल्या. त्यांनी फॉर्म हातात घेतला, सावकाश वाचला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. हे काय लिहिलं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, निरंक. म्हणजे सांगण्यासारखं काही नाही.

त्यांनी फॉर्म परत दिला. ट्रकमध्ये चढणाऱ्या पोत्यांवरची अक्षरं इथून वाचता येत होती. त्या तिकडेच बघत बोलल्या.

“मंग आमाले कायले सांगतलं, म्याडम? आमी खुशीत होतो.”